ड्राइव्ह चॅनलवर डिले पेडल इनपुटच्या आधी लावावे की इफेक्ट्स लूपमध्ये?

प्रश्न

माझ्या गिटारच्या दोन चॅनलच्या ट्यूब अ‍ॅम्पला मागच्या बाजूस इफेक्ट्स लूपचे (म्हणजे अ‍ॅम्पच्या आतल्या दोन टप्प्यांच्या मधे पेडल जोडण्याच्या वाटेचे) सेंड आणि रिटर्न असे दोन जॅक आहेत. सध्या वाह (पायाने सुराचा रंग बदलणारे), ओव्हरड्राइव्ह (आवाज फोडणारे) आणि शेवटी डिजिटल डिले (सुराचे पडसाद उमटवणारे) या क्रमाने सर्व पेडल्स अ‍ॅम्पच्या इनपुटला जोडलेली आहेत. क्लीन चॅनलवर डिले मनासारखा वाजतो. मात्र ड्राइव्ह चॅनलचा, म्हणजे आवाज फोडणाऱ्या चॅनलचा, गेन (सिग्नल किती वाढवायचा ते) निम्म्याच्या वर नेला की पडसाद मूळ सुराइतकेच मोठे होतात आणि कॉर्ड बदलताना सगळी गिचमीड होते. पेडलवरचा मिक्स (पडसादांचे प्रमाण) कमी करावा, तर क्लीन चॅनलवर पडसाद ऐकूच येत नाहीत. डिले लूपमध्ये हलवल्याने हे सुटेल का? तसे असल्यास लूपशेजारचा ‘−१० / +४’ हा स्विच आणि ‘मिक्स’ हा नॉब कुठे ठेवावा?

उत्तर १

बहुतांशी सुटेल. डिस्टॉर्शन म्हणजे मोठ्या सिग्नलची शिखरे छाटली जाणे. त्यामुळे प्रीअ‍ॅम्पमध्ये, म्हणजे अ‍ॅम्पच्या पहिल्या टप्प्यात, लहान सिग्नल शिरला काय आणि मोठा शिरला काय, बाहेर पडताना दोघांच्या पातळीत फारसा फरक उरत नाही. पेडलमधून निम्म्या व्होल्टेजने, म्हणजे ६ डेसिबल खाली, निघालेला पडसाद गेन चढवलेल्या चॅनलमधून जवळजवळ मूळ सुराच्या बरोबरीने बाहेर येतो, तो यामुळेच.

गिचमिडीचे कारण मात्र वेगळे आहे. दोन सूर एकाच वेळी डिस्टॉर्शनमधून गेले की त्यांच्या कंपनसंख्यांच्या बेरजा आणि वजाबाक्याही निर्माण होतात. ११० हर्ट्झच्या सुराचा पडसाद चालू असताना तुम्ही १३८.६ हर्ट्झचा सूर छेडलात, तर २८.६ आणि २४८.६ हर्ट्झ हे कोणीही न वाजवलेले सूर त्यात येतात. पूर्ण कॉर्डवर पूर्ण कॉर्डचा पडसाद आला की अशा जोड्या किती होतील, याची कल्पना करा. लूप प्रीअ‍ॅम्पनंतर असल्यामुळे तेथे डिस्टॉर्शन होऊन गेलेले असते आणि डिले त्या तयार आवाजाच्या फक्त प्रती काढतो.

केबल हलवण्यापूर्वी एक प्रयोग करा. क्लीन चॅनल ठेवून ओव्हरड्राइव्ह पेडल चालू करा. ते तुमच्या क्रमात डिलेच्या आधीच असल्यामुळे पडसाद स्वच्छ ऐकू येतील. लूपमुळे जो फरक पडेल तो साधारण असाच असेल. वाह आणि ओव्हरड्राइव्ह इनपुटकडेच राहू द्या.

उत्तर २

वरील विवेचन मान्य आहे, परंतु डिस्टॉर्शन नेमके कुठे घडते हे पाहिल्याशिवाय लूपची शिफारस करू नये. मास्टर व्हॉल्यूम (एकूण आवाजाचा नॉब) नसलेल्या जुन्या घडणीच्या अ‍ॅम्पमध्ये आवाज फुटतो तो बराचसा पॉवर अ‍ॅम्पमध्ये, म्हणजे स्पीकरला ताकद देणाऱ्या शेवटच्या टप्प्यात; तेथे लूप बसवला तरी पॉवर ट्यूब त्याच्या पुढेच राहतात आणि पडसाद फुटायचे ते फुटतातच. आपला अ‍ॅम्प त्या जातीचा दिसत नाही, तरीही मास्टर फार वर नेल्यास थोडाफार हाच अनुभव येईल.

दुसरे असे की इनपुटपुढचा डिले ही चूकच आहे, असा जो सूर हल्ली ऐकू येतो तो मला पटत नाही. लूप सर्रास दिसू लागण्यापूर्वी एकोप्लेक्ससारखी टेपवर पडसाद उमटवणारी यंत्रे थेट इनपुटलाच जोडली जात, आणि त्यांच्या प्रीअ‍ॅम्पमुळे आवाजाला येणारा भरीवपणा अनेकांना पडसादांपेक्षाही प्रिय होता. एकेका सुराच्या सोलोमध्ये मूळ सुराला चिकटून येणारे फुटके पडसाद फार छान लागतात. क्वीन बँडचे गिटारवादक ब्रायन मे यांनी तर पडसादांसाठी वेगळे अ‍ॅम्प ठेवून हा तिढा मुळातूनच सोडवला: प्रत्येक अ‍ॅम्प फुटतो, पण मूळ सूर आणि पडसाद एकाच अ‍ॅम्पमध्ये एकमेकांत मिसळत नाहीत.

उत्तर ३

स्विच आणि नॉबविषयी. −१० म्हणजे सुमारे ०.३२ व्होल्ट आणि +४ म्हणजे सुमारे १.२३ व्होल्ट, जमिनीवरची पेडल्स पहिल्या पातळीला सोसतात, दुसरी रॅकमधल्या उपकरणांसाठी असते. तेव्हा −१० ठेवा. जोरात वाजवल्यावर डिले पेडलच कर्कश फुटू लागले, तर सेंडची पातळी जास्त आहे असे समजावे.

मिक्स नॉबचा अर्थ असा की आपला लूप समांतर आहे, म्हणजे मूळ सिग्नलचा एक भाग पेडलला वळसा घालून सरळ पुढे जातो. नॉब १०० टक्क्यांवर ठेवून पेडलचा मिक्स नेहमीप्रमाणे वापरणे सर्वांत सोपे. नॉब अधेमधे ठेवायचा असल्यास पेडलमधून फक्त पडसाद बाहेर पडतील अशी योजना हवी. कारण काही डिजिटल पेडल्समधून मूळ सूरही किंचित उशिरा निघतो, आणि हा उशीर १ मिलिसेकंद असला तरी दोन्ही वाटा एकत्र येताना ५०० हर्ट्झच्या आसपास आवाजाला खड्डा पडतो. आवाज पोकळ, नळीतून आल्यासारखा वाटला, तर आधी हे तपासा.

प्रश्नकर्ता

प्रयोग करून पाहिला. फरक लगेच कळला. मिक्स नॉब १०० टक्क्यांवर नेऊन डिले लूपमध्ये हलवला आहे. आता व्हॉल्यूम पेडल कुठे लावावे?

उत्तर १

लूपमध्येच, डिलेच्या आधी. पेडल मिटले की नवा सूर थांबेल, मात्र सुरू असलेले पडसाद आपोआप विरतील. डिलेनंतर लावल्यास तेही कापले जातील. इनपुटपुढे लावले तर आवाजाऐवजी मुख्यतः गेन कमी होईल. मात्र लूपमधील सिग्नलसाठी कमी रोधाचे, साधारण २५ किलो-ओहमचे, व्हॉल्यूम पेडल घ्या. गिटारसाठीचे २५० किलो-ओहमचे पेडल तेथे चालते, पण त्याचा चढ-उतार हवा तसा हाताशी येत नाही.