पेप बँडसाठी गाण्यांचे शॉर्ट्स कसे बसवायचे?

सॅक्सवाल्या_लेकीचा_बाबा:
नमस्कार मंडळी, मुलगी इथे अमेरिकेत हायस्कूलला अकरावीत आहे, आल्टो सॅक्स (सॅक्सोफोन) वाजवते. फुटबॉलचा सीझन संपला की त्यांचा पेप बँड बास्केटबॉलच्या मॅचना वाजवतो आणि या वर्षी डायरेक्टरने मुलांनाच सांगितलंय की आपापले शॉर्ट्स, म्हणजे टाइमआउटला खेळ थांबतो तेव्हा वाजवायचे छोटे तुकडे, अरेंज करून आणा. ती म्यूझस्कोर या नोटेशन लिहायच्या सॉफ्टवेअरवर लिहितेय आणि मी हार्मोनियमवाला म्हणून शेजारी बसून सूर काढून देतोय. गाणं तिचं आवडतं आहे, मूळ गिटारवरचं, ई मेजरमध्ये म्हणजे आपली पांढरी तीन. सध्या ते दीड मिनिटाचं झालंय, सुरुवातीचा इंट्रो तिला काढवत नाही कारण खरंच सुंदर आहे, पण टाइमआउट एवढा लांब असतो का? आणि कोणाला काय द्यायचं? फ्लूट-क्लॅरिनेट भरपूर आहेत, चार ट्रम्पेट, तीन ट्रोम्बोन, एक बॅरी सॅक्स (खालच्या सुरांचा मोठा सॅक्स), एक सूझाफोन (अंगाभोवती घ्यायचा मोठा ट्यूबा) आणि ड्रमसेट.

बँडवाली_बाई:
मी मिडल स्कूलला बँड शिकवते, दर हिवाळ्यात हेच करत असते म्हणून जरा सविस्तर लिहिते. आधी घड्याळ बघा. हायस्कूल बास्केटबॉलमध्ये टाइमआउट दोनच प्रकारचे, 60 सेकंदांचा आणि 30 सेकंदांचा, आणि दोन्हींत शेवटचे 15 सेकंद उरले की पहिला, इशाऱ्याचा हॉर्न होतो. टाइमआउट मिळाला, डायरेक्टरने नंबर दाखवला, पोरांनी फ्लिप फोल्डरमधलं (वाद्याला अडकवलेल्या छोट्या वहीतलं) पान काढलं, यात चार-पाच सेकंद जातातच, म्हणजे छोट्या टाइमआउटमध्ये हातात उरतात जेमतेम दहा आणि मोठ्यात चाळीस. आता हिशोब करा, मिनिटाला 144 मात्रांच्या लयीत चार मात्रांचा एक बार पावणेदोन सेकंदांच्या जरा आत बसतो, आठ बार झाले की 13 सेकंद गेले, सोळा बारला जवळजवळ 27. म्हणून शॉर्ट लिहायचा तो आठ बारचा, छोट्या टाइमआउटला चार बारवर थांबता येईल आणि मोठ्याला तेच आठ बार पुन्हा घेता येतील असा. इंट्रो काढा. मला माहितीय जिवावर येतं, पण लोक पॉपकॉर्न घ्यायला उठलेले असतात, त्यांना पहिल्या दोन बारमध्ये गाणं ओळखता आलं पाहिजे, मुखड्यातली सगळ्यात ओळखीची ओळ तिथेच पहिल्या ठोक्याला यायला हवी.

पट्टीचं तर फारच महत्त्वाचं. या वाद्यांचा कागदावरचा सूर आणि वाजणारा सूर वेगळा असतो, त्यामुळे ई मेजर ठेवलंत तर ट्रम्पेटला सहा शार्प (अर्धा सूर चढवायच्या खुणा) येतात आणि तुमच्या मुलीच्या आल्टोला सात!! अर्धा सूर खाली आणा, ई फ्लॅट, म्हणजे काळी दोन. लगेच ट्रम्पेट एफमध्ये आणि आल्टो सरळ सीमध्ये, नववीची पोरंसुद्धा पहिल्या वाचनात वाजवतील. काळी पाच पण चालते, गाण्याचा पल्ला बघून ठरवा.

ट्रोम्बोन_अजून_जिवंत:
बाईंनी लांबीचं सांगितलंच आहे, मी कोणाला काय द्यायचं त्यावर बोलतो, कॉलेजात चारही वर्षं पेप बँडमध्ये होतो. जिममध्ये आवाज घुमतो, बारीक काम ऐकूच येत नाही, तीन आवाजांची हार्मनी लिहिली की नुसता गोंगाट होतो. धून ट्रम्पेट आणि आल्टो दोघांना एकत्र द्या, एकाच सुरात. खाली सूझाफोन, बॅरी सॅक्स आणि एक ट्रोम्बोन मिळून बेस, बाकीचे दोन ट्रोम्बोन मधल्या मोकळ्या जागेत दोन-तीन ठोस ठोके, बास. फ्लूट-क्लॅरिनेटला धूनच द्या पण एक सप्तक वर, म्हणजे थोडी तरी चमक येते, खालच्या सप्तकात ती मुलं बिचारी फुंकून फुंकून दमतात आणि कोणाला पत्ता नसतो. अजून एक, ट्रम्पेटला सतत वर चढवू नका, असे पंचवीसेक तुकडे एका संध्याकाळी वाजवायचे असतात आणि चौथ्या क्वार्टरला, जेव्हा मॅच खरी रंगते ना, तेव्हा ओठ उरलेले पाहिजेत.

आणि चेंडू खेळात आला की बंद म्हणजे बंद. हायस्कूलच्या नियमात संगीत फक्त मॅचच्या आधी, टाइमआउटला, मध्यंतरात आणि मॅच संपल्यावर. फ्री थ्रोच्या वेळी एखादा ट्रम्पेट जरी सुटला तरी बरं दिसत नाही, समोरच्या टीमचा पोरगा पण कोणाचा तरी पोरगाच असतो.

रात्रीचा_वाचक:
एक राहिलं, परवानगी. गाणं वाजवायचं लायसन्स आणि अरेंज करायची परवानगी या अमेरिकेत दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पब्लिशरकडून दुसरी घ्यावी लागते. डायरेक्टरला आधी विचारा, कदाचित शाळेकडे त्याच गाण्याची विकतची प्रत असेल आणि त्यातलेच आठ बार वाजवता येतील. जुनी, कॉपीराइट संपलेली धून घेतली तर काहीच प्रश्न नाही.

सॅक्सवाल्या_लेकीचा_बाबा:
सगळ्यांचे मनापासून आभार. परवानगीचं उद्या ती डायरेक्टरला विचारणार आहे. तोवर काळी दोनमध्ये आणून आठ बार ठेवलेत, आल्टोचा पार्ट एकदम सुटसुटीत झाला, तिचा चेहराच खुलला. आता फक्त शेवट. हॉर्न मध्येच झाला तर थांबायचं कसं?

बँडवाली_बाई:
दर चौथ्या बारच्या शेवटी धून ‘सा’ वर येऊन टेकेल अशी लिहा, आणि पानाच्या तळाशी एक वेगळा बार द्या, सगळ्यांना मिळून दोन जोरदार ठोके. डायरेक्टरने मूठ वर केली की जिथे असाल तिथून चालू वाक्य पूर्ण करून थेट त्या बारवर उडी. हे मुलांकडून पाठ करून घ्या, कागदात बघून जमत नाही, आणि ड्रमरला सगळ्यात आधी शिकवा कारण तो थांबला की बाकीचे आपोआप थांबतात.