मदत हवी आहे: टॅटिंगच्या शटलची टोकं फाकली आहेत. दुरुस्ती, नवं शटल की सुई?

रानजाई

नमस्कार,

इथे टॅटिंग (शटल या छोट्या हत्यारावर दोरा गुंडाळून गाठींची लेस विणणं) करणारं कोणी आहे का? क्रोशावर चर्चेचे बरेच धागे दिसले, टॅटिंगवर एकही नाही, म्हणून वेगळा काढते आहे.

आई शाळेत हस्तव्यवसायाच्या तासाला टॅटिंग शिकली आणि अजूनही करते. रुमालांच्या कडा, उशांचे अभ्रे, परकराच्या लेस, सगळं एकाच शटलवर. बोटभर लांब, पिवळसर पांढरं, दोन निमुळती पाती मधल्या खुंटीला जोडलेली. पूर्वी दोरा सोडताना टोकातून 'टक्' आवाज यायचा आणि पाहिजे तेवढाच दोरा सुटायचा. आता दोन्हीकडची टोकं फाकली आहेत, एका टोकातून तर पोस्टकार्ड आरपार जातं. शटल हातातून सोडलं की दोरा उलगडत थेट जमिनीवर. दर रिंगनंतर (रिंग म्हणजे गाठी घालून, दोरा ओढून मिटवलेलं कडं) परत गुंडाळत बसावं लागतं, आणि चाळीस नंबरचा पांढरा दोरा फरशीला लागून मळतो ते वेगळंच.

दुसरी अडचण तिच्या हाताची. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी सांधा दुखतो. डॉक्टर काम बंद करा म्हणाले नाहीत, पण एका बैठकीत फार वेळ नको म्हणाले. धाकट्या बहिणीचं बाळंतपण जवळ आलंय आणि बाळाच्या झबल्यांना लेस आपल्या हातची असावी अशी आईची फार इच्छा आहे. ती पुरी व्हावी असं मलाही मनापासून वाटतं.

तर हे शटल दुरुस्त होतं का? गरम पाण्यात बुडवून दाबायचं असं एका व्हिडिओत पाहिलं, पण जुनी वस्तू, धीर होत नाही. नवं घ्यायचं तर कोणतं? बॉबिनवाली, आकडा असलेली, लाकडी, स्टीलची अशी नाना प्रकारची दिसतात. आणि टॅटिंगची सुई अंगठ्याला सोपी पडेल का? मी क्रोशा करते, टॅटिंग आईकडून शिकते आहे, त्यामुळे बारकाव्यांसकट सांगितलंत तर आवडेल. आम्ही पुण्यात आहोत.

सुईदोरा

गरम पाण्याचं आधी थांबव. शटल कशाचं आहे ते कळल्याशिवाय काहीही करू नकोस.

पहिल्यांदा सगळा दोरा काढून रिकामं शटल बघ. पात्यांच्या कडेबाहेर येईल इतका दोरा भरला तर पाती आतून ढकलली जातात आणि टोकं उघडतात. सतत तसंच भरलेलं राहिलं की पुढे रिकामं केल्यावरही पुरती मिटत नाहीत. एक रात्र रिकामं ठेव, किती जवळ येतात बघ. नव्या शटललाही हाच नियम, दोरा कडेच्या जरा आतच थांबवायचा.

मग ते कशाचं आहे हे शोधायचं. पिवळसर पांढरं म्हणजे हाड, शिंग, सेल्युलॉइड (जुन्या काळचं एक प्लास्टिक), साधं प्लास्टिक, काहीही असू शकतं. हाड असेल तर भिंगातून बारीक काळपट ठिपके आणि रेघा दिसतात. सेल्युलॉइडची खूण म्हणजे वास. अंगठ्यानं एकाच जागी जोरात चोळ आणि ऊब आली की लगेच हुंगून बघ. कापराचा वास आला तर सेल्युलॉइड, कारण ते कापूर घालूनच बनवत. हा पदार्थ भयंकर पेट घेतो. गॅस, मेणबत्ती, हेअर ड्रायर, कशाजवळही न्यायचा नाही.

हाड गरम करून वळत नाही, तडकतं. साधं प्लास्टिक निघालं तर मात्र गरम पाण्यात (उकळत्या नाही) थोडा वेळ धरायचं आणि दोन्ही टोकांना कपड्यांचे चिमटे लावून गार होऊ द्यायचं. मी असं केलंय, फट मिटते. स्टीलचं असतं तर बोटांनी हलकेच दाबूनही चाललं असतं.

रानजाई

चोळून बघितलं, कापराचाच वास! आईनंही हुंगलं आणि म्हणाली, लहानपणीच्या बाहुलीला अगदी असाच वास यायचा. गरम पाणी रद्द.

रात्रभर रिकामं ठेवल्यावर एक टोक बऱ्यापैकी मिटलं. दुसरं तसंच आहे.

सुईदोरा

बाहुल्याही सेल्युलॉइडच्याच असत, आईंची आठवण पक्की आहे.

मग त्याला दहा नंबरच्या जाड दोऱ्याच्या कामाला ठेव. मिटलेल्या टोकाकडून दोरा सोडायचा, जाड दोरा तिथे नीट अडेल. चाळीस नंबरसाठी नवं घे. आणि हे जुनं हवाबंद डबीत किंवा प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नकोस, सुती कापडात सैल गुंडाळून ठेव. स्टीलच्या सुयांच्या डब्यातही नको. जुन्या सेल्युलॉइडमधून वाफा निघतात, त्यानं धातू गंजतो. गंजाचा एक डाग पांढऱ्या लेसवर पडला की जात नाही.

ओसाकाकर

मी जपानमध्ये राहते. इथे टॅटिंग करणाऱ्या खूप बायका आहेत आणि क्लोव्हर ही शटल बनवणारी कंपनी आमच्या ओसाकाचीच. त्यांचं प्लास्टिकचं शटल भारतातही ऑनलाइन मिळतं. पाती घट्ट मिटलेली असतात, 'टक्' व्यवस्थित येतो. एका टोकाला बारीक चोच पुढे आलेली असते. त्या चोचीनं पिकोतून (दोन गाठींमध्ये सोडलेल्या दोऱ्याच्या छोट्या फासातून) दोऱ्याची लूप वर उचलायची आणि जोडायचं, दर जोडाला क्रोशाची सुई हातात घ्यावी लागत नाही. नको असलेली गाठ सोडवायलाही चोच उपयोगी पडते.

आकडा असलेल्या शटलबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. आकडा टोकालाच असल्यानं दोऱ्यात अडकतो आणि डाव्या हाताच्या बोटांना टोचत राहतो. शिवाय तो नेहमी एकाच मापाचा. त्यापेक्षा साधं शटल आणि सोबत ०.६ मिमीची स्टीलची क्रोशाची सुई हे जास्त बरं. माझी सुई दोऱ्यानं गळ्यात अडकवलेली असते.

पेठकरीण

पुण्यात असाल तर तुळशीबागेत आणि रविवार पेठेत लोकर-क्रोशाच्या दुकानांत विचारा. क्रोशाच्या सुया समोरच टांगलेल्या असतात, शटल मागून घ्यावं लागतं. मोबाइलमध्ये फोटो ठेवा, नाहीतर शिलाई मशीनचं शटल पुढे करतात.

जाताना घरचा चाळीस नंबरचा दोरा घेऊन जा. दुकानातच टोकातून ओढून बघा. आवाज करून जायला हवा, पण पिंजला जाता कामा नये. पात्यांच्या कडांवरून जुनी नायलॉनची ओढणी किंवा मोजा फिरवा, कुठे खरबरीत असेल तर लगेच अडकतो. लाकडी शटलमध्ये हे फार बघावं लागतं. थोडंसं असेल तर नखं चमकवायच्या पट्टीनं घासून जातं, जास्त असेल तर घेऊच नका.

अबोली

आईंच्या अंगठ्याबद्दल लिहिते, कारण माझाही तोच सांधा दुखतो आणि मी शटल व सुई दोन्ही वापरते.

शटलमध्ये अंगठ्याला कुठे त्रास होतो ते आधी बघा. गाठ घालताना शटल अंगठा आणि तर्जनीत धरलेलं असतं आणि दोरा बोट आणि पात्याच्या मधून सरकतो. ती पकड हलकी असते, त्यानं फारसं दुखत नाही. दुखतं ते दोरा सोडताना. खुंटीवाल्या शटलमध्ये प्रत्येक वेढ्याला दोरा टोकातून खेचून बाहेर काढावा लागतो, टक्, टक्, टक्. त्या झटक्याला अंगठ्याला जोर लागतो. बॉबिनवाल्या शटलमध्ये दोरा ओढला की बॉबिन फिरते आणि दोरा येतो, झटका नाही. शिवाय बॉबिन काढून भरता येते, त्यामुळे गुंडाळण्याचं काम घरातलं दुसरं कोणीही करू शकतं. रानजाई, ते तुम्ही करा, त्यांचा अंगठा तेवढाच वाचेल. एकच बघा, बॉबिन फार सैल फिरायला नको, नाहीतर पुन्हा दोरा जमिनीवर.

आता सुई. टॅटिंगची सुई लांब असते, टोक बोथट, आणि मुख्य म्हणजे तिचं नेढं सुईपेक्षा जाड नसतं. सगळ्या गाठी सुईवर घालून झाल्या की त्या नेढ्यावरून दोऱ्यावर उतरवायच्या असतात. गोधडीच्या सुईवर हे करून बघू नका. नेढ्याशी गाठी अडतात, आणि ओढून काढल्या तर पुढच्या सैल, मागच्या घट्ट होतात. टोक बोटात घुसतं ते निराळं.

सुईचा नंबर जितका मोठा तितकी ती बारीक, दोऱ्याचंही तसंच. दहा नंबरच्या दोऱ्याला ५ नंबरची सुई, वीस ते चाळीसला ७ नंबर, सत्तर-ऐंशीला ८ नंबर असा साधारण हिशोब. सुई जाड घेतली तर लेस ढिली आणि लुळी पडते.

सुईचा मोठा फायदा असा, की गाठ उलटावी लागत नाही. शटलमध्ये आपण गाठ घालतो शटलच्या दोऱ्यानं, आणि मग डावी बोटं सैल सोडून शटलचा दोरा ताणला की ती गाठ डाव्या हाताच्या दोऱ्यावर पलटते. ती पलटली नाही तर रिंग ओढून मिटत नाही, सगळं अडकून बसतं. रानजाई, तुम्ही शिकताय तर प्रत्येक अर्ध्या गाठीनंतर (दोन अर्ध्या मिळून एक पूर्ण गाठ होते) ती शटलच्या दोऱ्यावर पुढेमागे सरकवून बघा. सरकली तर पुढे जा, नाहीतर तिथेच उसवा. सुईवर हा प्रश्नच येत नाही. हातांची हालचाल मोठी आणि सावकाश असते, त्यामुळे अंगठ्याला बरं पडतं.

पण शटलवर आयुष्य गेलेल्या माणसाला सुईची लेस आवडेलच असं नाही. गाठींच्या आतून सुईच्या जाडीची जागा राहते, त्यामुळे शटलचा तो कडक, कोरीव घट्टपणा तिला येत नाही. आईंच्या जागी मी असते तर आधी बॉबिनवालं शटल हातात घेऊन बघितलं असतं, आणि सुई तुमच्यासाठी घेतली असती. झबल्यांच्या लेसपैकी काही तुम्हीही कराल ना?

रानजाई

अबोलीताई, किती नेमकं लिहिलंत! आईला वाचून दाखवलं. दुखतं ते दोरा सोडतानाच, अगदी बरोबर म्हणाली. सुईबद्दल तिचं म्हणणं, "तू शीक, मी बघते."

आता दोरा. घरात भरतकामाच्या अँकरच्या लडी भरपूर आहेत, त्यातले रंग झबल्यांना छान जातील. चालतील का? आणि बाळाच्या कपड्यांना पिको ठेवावेत की नकोत?

पेठकरीण

भरतकामाच्या लडी नका घेऊ. त्यात सहा सैल पदर असतात. टॅटिंगमध्ये दोरा दोऱ्यावरून सतत घासत सरकतो, पदर सुटतात, चोच एखाद्याच पदरात घुसते, आणि रिंग ओढताना दोरा तुटतो. घट्ट पिळाचा मर्सराइज्ड (प्रक्रिया करून चमकदार, मजबूत केलेला) क्रोशाचा दोरा पाहिजे. त्याच अँकरचा क्रोशाचा गुंडा वीस किंवा चाळीस नंबरात मिळतो. डीएमसी कंपनीचाही चांगला, पण महाग पडतो.

सुईदोरा

पिकोचं जरा गंभीरपणे सांगते. बाळाची बोटं इतकी बारीक असतात की मोठ्या पिकोत सहज अडकतात. झबल्याला फक्त जोडापुरते पिको ठेवायचे आणि तेही अगदी आखूड. शोभेचे पिको नकोत. बाह्यांना आणि गळ्याला लेस लावूच नका, खालच्या घेराला लावा, आणि पक्की शिवा.

आखूड पिको सगळे एकसारखे यायला माप वापर. दोन गाठींमध्ये ६ मिमी जागा सोडली तर गाठी जवळ आणल्यावर पिको ३ मिमी उंच उभा राहतो, म्हणजे जागेच्या निम्मा. जोडाला तेवढा पुरतो. जुन्या एटीएम कार्डाची ६ मिमी रुंद पट्टी काप, कडा घासून गुळगुळीत कर, आणि मागच्या गाठीशी टेकवून पुढची गाठ तिच्या दुसऱ्या कडेशी घाल. आईंना लागणार नाही, त्यांच्या बोटांत माप असेल, पण तुला लागेल.

लेस शिवण्याआधी झबल्याचं कापड आणि लेस दोन्ही धुऊन घे. सुती कापड आटतं, मग लेसला चुण्या पडतात.

रानजाई

काल तुळशीबागेत गेलो होतो. आईनं तीन-चार शटल हातात घेऊन बघितली, प्रत्येकावर घरचा दोरा लावून. दुकानदारानं स्टूल दिलं बसायला! लाकडी दिसायला सुंदर होतं, पण ओढणी अडकली. शेवटी बॉबिनवालं एक आणि चोचीचं साधं एक असं दोन्ही घेतलं. माझ्यासाठी ७ नंबरची सुई मागवली आहे.

घरी आल्या आल्या आईनं वीस नंबरच्या पांढऱ्या दोऱ्यानं सुरुवात केली. बॉबिन मी भरून दिली. रिंग, चेन (दोन रिंगांमधली गाठींची कमान), रिंग, चेन अशी साधी पट्टी आहे. अंगठा दुखत नाही म्हणते, तरी मी मधेमधे उठवते आहे.

एक शेवटचं. चेनसाठी आता दुसरंही शटल भरावं का? ती पूर्वी चेनचा दोरा थेट गुंड्यावरूनच घ्यायची.

सुईदोरा

गुंड्यावरूनच घेऊ दे. दुसरं शटल तेव्हाच लागतं, जेव्हा चेनच्या मधे चेनच्याच दोऱ्यानं रिंग करायची असते, किंवा दोन रंगांच्या रिंगा पाहिजेत तेव्हा. साध्या पट्टीला एक शटल आणि गुंडा पुरे.

फक्त सुरुवात करताना शटल भरून झाल्यावर दोरा गुंड्यापासून कापायचा नाही. तसाच अखंड ठेवून पहिली रिंग घालायची, म्हणजे सुरुवातीला गाठ मारावी लागत नाही आणि लपवायचं टोकही राहत नाही. आईंच्या शटलची बॉबिन निघते, म्हणून ती भरून आधी शटलमध्ये बसव आणि मगच गुंडा त्यांच्या डाव्या बाजूला ठेव. गुंडा वाटीत ठेवलास तर पळत नाही.