बुरशीभक्षक, बुरशीजन्य की कवकविषाणू?

रामबागकर: इंदूरच्या आमच्या मंडळाच्या अंकासाठी सोयाबीनच्या रोगांवर लेख लिहितोय. पिकावर रोग आणणाऱ्या बुरशीलाच लागण करणारे नवेनवे विषाणू सापडताहेत, त्यावर एक परिच्छेद आहे. 'मायकोव्हायरस'ला काय म्हणू? 'जीवाणूभक्षक'च्या चालीवर 'बुरशीभक्षक'? एकाने 'बुरशीजन्य विषाणू' सुचवलंय.

मातीपरीक्षक: 'बुरशीजन्य' तर नकोच. लेट्यूसच्या मुळांत राहणारी ओल्पिडियम बुरशी विषाणू वाहून नेते, पण तो रोग लेट्यूसचा. इथे आजारी बुरशी आहे.
'भक्षक'ही दिशाभूल करतो. जीवाणूभक्षक अनेकदा जीवाणू फोडून बाहेर पडतात. हे बहुतेक विषाणू बाहेर येतच नाहीत. दोन बुरशींचे तंतू जुळले की एकीतून दुसरीत जातात, नाहीतर बीजाणूंतून. बऱ्याचदा बुरशीला काही होतही नाही. म्हणूनच ते इतकी वर्षं लपून राहिले. १९६२ साली पहिल्यांदा सापडले तेही लागवडीच्या आळिंबीत, कारण तिथे पीकच बुरशी!
सोयाबीनचं वाळलेलं रोप उपटून बुंध्याची साल नखाने खरवडा, कोळशाच्या भुकटीसारखे काळे ठिपके दिसतील. ती मॅक्रोफोमिना बुरशी, चारकोल रॉट रोग आणणारी. तिच्यातला सगळा आरएनए वाचून काढला तेव्हा तिच्यातही असे विषाणू निघाले.

समासप्रेमी: 'बुरशीविषाणू'ही टाळा. शेतकी सल्ल्यांत 'बुरशी, जिवाणू, विषाणू' हे त्रिकूट कायम ओळीने येतं, त्यामुळे तो द्वंद्व समास वाटतो. 'कवकविषाणू' तांत्रिक दिसतो, म्हणून वाचणारा थबकतो आणि षष्ठी तत्पुरुष लावतो.

रामबागकर: पण 'कवक' हिंदी वाटेल ना?

समासप्रेमी: अहो, मराठी विश्वकोशात 'कवक' नावाची नोंदच आहे. तुमच्याकडे बोलताना 'फफूंद' म्हणतात म्हणून 'कवक' हिंदीला देऊन टाकायचा का?

रामबागकर: बरं, 'कवकविषाणू' पक्का. आता 'हायपोव्हायरुलन्स'? 'अल्परोगकारकता' लिहिलं तर आमच्या काकू अंक मिटून ठेवतील.

मातीपरीक्षक: 'बुरशी मवाळ पडते' लिहा. युरोपात चेस्टनटच्या झाडांवर हेच झालं. विषाणू लागलेली बुरशी झाडाला मारेनाशी झाली आणि जखमा भरल्या. अमेरिकेत मात्र बुरशीचे वाण एकमेकांत तंतू मिसळू देत नाहीत, त्यामुळे तो तोडगा तिथे फारसा चालला नाही. आणि हो, 'विषाणू फवारला की रोग गेला' असा अर्थ निघेल असं काही लिहू नका, सोयाबीनसाठी तर नाहीच.