कॉइल आधी अदलून बघा
चार सिलिंडरच्या गाडीत एक इग्निशन कॉइल (स्पार्क प्लगला ठिणगीसाठी वीज देणारा भाग) गेली की चारही कॉइल आणि प्लग बदला, असं या चर्चेत वर कुणीतरी म्हटलंय. प्लगबाबत मान्य, कॉइलबाबत नाही. गाडीचे दोष-कोड वाचणाऱ्या स्कॅनरवर पी०३०२, म्हणजे दुसऱ्या सिलिंडरचा मिसफायर (इंधन नीट न पेटणं) आला, तर ती कॉइल तिसऱ्यावर बसवून बघा. कोड पी०३०३ झाला तर दोष कॉइलचाच.

धुळीबद्दल मात्र कुणीच लिहिलं नाही. माझी टू-सीटर कार सोलापुरात रोज अक्कलकोट रोडवर असते. कॉइल उपसली तर प्लगच्या खड्ड्यात चिमूटभर रेती! प्लग सोडवण्याआधी पायपंपाने हवा मारून ती उडवली, नाहीतर थेट सिलिंडरमध्ये गेली असती. इंजिन पूर्ण गार हवं, गरम अ‍ॅल्युमिनियम हेडचे आटे सोलले जातात. म्हणून उन्हाळ्यात मी भल्या पहाटेच कामाला बसतो. नवा प्लग आधी हातानेच फिरवायचा, टॉर्क रेंच (ठरावीक जोरानेच आवळणारा पाना) शेवटी.