कुत्र्याची गादी, वाटी, पट्टा, अंघोळ: तुमचे अनुभव लिहा

दारची_तुळस
काल समोरच्या बाल्कनीत कुणीतरी कुत्र्याची गादी वाळत घातली होती. या पावसात वाळतेय कसली. वारा फिरला आणि तो ओल्या कुत्र्याचा वास आला, तशी एकदम चिपळूणची पडवी आठवली. आमचा मोत्या, आणि रविवारी त्याच्या कानामागच्या गोचिडी काढत बसलेले आजोबा. शेजारी करवंटीत रॉकेल. गोचीड चिमट्याने अगदी कातडीलगत धरायची, सरळ ओढायची, करवंटीत टाकायची. फोडायची नाही म्हणजे नाही. आम्ही पोरं मोजत बसायचो. मोत्याला ओटीवर यायला आजीची सक्त मनाई, आणि रात्री तो नेमका तिच्याच चपलांवर झोपायचा.
आता फ्लॅटमध्ये लॅब्रॅडॉर आहे. अंघोळीचं काही नाही, पाणी दिसलं की स्वतःच उडी मारतो. पण ती गादी, पट्टा, वाट्या, लाळेने बरबटलेला दोर... हे सगळं तुम्ही कसं स्वच्छ ठेवता?

खमंग_काकडी
गादी नकोच! जुन्या साड्यांच्या दोन गोधड्या शिवून घ्या. एक अंगाखाली, एक दोरीवर. मशीनमध्ये टाकायच्या आधी गच्चीत नेऊन जोरात झटका, नाहीतर केस ओले होऊन फिल्टरमध्ये घट्ट बसतात आणि मग मेकॅनिकचे टोमणे ऐका. वास राहिला तर शेवटच्या पाण्यात अर्धी वाटी पांढरं व्हिनेगर. ते सुगंधी निळं पाणी अजिबात घालू नका, आमच्या बाईसाहेबांच्या पोटावर पुरळ उठलं होतं.

बाप्पू_नागपूरकर
आमच्याकडे मे महिन्यात गादी गच्चीवर टाका, तासाभरात खडखडीत. विषय संपला.

दारची_तुळस
बाप्पू, जळवू नका हो. इथे रुमाल वाळत नाहीये.

रात्रपाळी
पट्ट्याबद्दल खूप लिहायचंय, कुकर लावलाय, येते.

डॉ_शेपूट
जनावरांचा डॉक्टर आहे म्हणून थोडं लांबण लावतो. तुम्हाला कुत्र्यावर दिसतात त्यापेक्षा कितीतरी जास्त गोचिडी घरात असतात. मादीचं पोट भरलं की ती खाली उतरते, भिंतीच्या भेगेत नाहीतर दाराच्या चौकटीमागे शिरते आणि हजारोंनी अंडी घालते. तुम्ही कुत्र्याला न्हाऊ घालता आणि पिल्लं पुन्हा चढतात. म्हणून ज्या दिवशी कुत्र्याला औषध, त्याच दिवशी अंथरूण गरम पाण्यात आणि भेगा बुजवणं. गोणपाट असेल तर फेकाच, त्याच्या विणीत त्यांची वस्तीच असते. कुत्रा मलूल झाला, खाणं सोडलं, हिरड्या पांढुरक्या दिसल्या, तर गोचीडतापासाठी रक्त तपासून घ्या, वाट बघू नका.
आजोबांचं रॉकेल करवंटीत ठीक. काही लोक ते कुत्र्याच्या अंगाला चोळतात! कातडी भाजते, आणि चाटून पोटात जातं ते वेगळंच.
आपला शाम्पू त्यांना नको. त्यांच्या त्वचेचा पीएच ७ च्या आसपास, आपला साधारण साडेपाच. अंघोळीनंतर कान कोरडे करा, लोंबत्या कानांच्या जातींत तर नक्कीच. कापसाने. बड आत घालायची नाही.

मनीची_आई
डॉक, आमची मनी टॉमीच्या पोटाशीच झोपते. त्याच्या मानेवर ते गोचिडीच्या औषधाचे थेंब टाकले तर चालतील ना?

डॉ_शेपूट
थांबा! त्यात परमेथ्रिन हे कीटकनाशक असेल तर मांजराला ते विष आहे. दुकानदाराला विचारू नका, तुमच्या डॉक्टरला 'घरात मांजर आहे' असं सांगून दुसरं लिहून घ्या.

मनीची_आई
बाप रे. बरं झालं विचारलं. बाटली परत करते.

कोल्हापुरी_पायताण
आमच्याकडं कारवानी जातीचं कुत्रं हाय. अंगावर केस नावाला, चिखल वाळला की आपसूक झडतोय. पण गावाकडं गेलं की चुलीच्या राखंत जाऊन बसतंय आणि उठून सरळ पाव्हण्यांच्या पांढऱ्या लेंग्याला अंग घासतंय. जेवायला जर्मनची ताटली. ती पण राखंनंच घासतो. एकूण हिशेब राखंचाच.

सुनबाई_पुणे
हाहाहा लेंगा!!
वाटीचं सांगते. पाण्याच्या वाटीत आतून बोट फिरवून बघा, बुळबुळीत लागतं. ते नुसतं विसळून जात नाही. रोज साबण, घासणी, गरम पाणी. प्लास्टिकला चरे पडतात आणि घाण त्यात बसते, म्हणून स्टीलच. आमच्या मावशी पहिल्याच दिवशी म्हणाल्या, ताई, कुत्र्याचं भांडं मी घासणार नाही. ठीक आहे, मी घासते. सासूबाईंनी त्याच्या घासणीला लाल दोरा बांधून ठेवलाय आणि घरी कुणीही आलं की आधी तो दोरा दाखवतात.

कनेक्टिकटकर
गोचिडींवरून आठवलं. लाइम हा गोचिडीमुळे होणारा आजार ज्या गावावरून ओळखला जातो ते आमच्याच राज्यात आहे. इथल्या हरणांवरच्या गोचिडीची पिल्लं खसखशीच्या दाण्याएवढी, काळ्या कुत्र्यावर दिसणार कशी? फिरून आलो की दारातच बोटांच्या मधे, कानात, शेपटीखाली चाचपतो. मग स्वतःला. बायको दोघांनाही आत घेत नाही तोवर.

बाप्पू_नागपूरकर
योग्यच करतात वहिनी.

एकटा_जीव
आमची राणी मार्चमध्ये गेली. सगळं धुऊन झालं, सामान एका संस्थेला दिलं. सोफ्याच्या फटीत केस अजून निघतात.

सुनबाई_पुणे
किती वर्षांची होती?

एकटा_जीव
चौदा. अंघोळीचा टॉवेल दिसला की पलंगाखाली.

खमंग_काकडी
शहाणीच होती. आमची पण तिथेच जाते, शेपूट बाहेर ठेवून.

रात्रपाळी
आले. कुकर नव्हे, पाहुणे निघाले. तर पट्टा. नायलॉनचा असेल तर कोमट पाण्यात कुत्र्याचाच शाम्पू घालून भिजवा, दातांच्या जुन्या ब्रशने कडीजवळ घासा, काळंकुट्ट पाणी निघतं. चामड्याचा पावसाळ्यात वापरूच नका, बुरशी येते. आणि भिजून आल्यावर पट्टा काढाच. ओला तसाच राहिला की मानेखाली लाल चट्टे.
मुंबईकरांनो, साचलेल्या पाण्यातून नेऊ नका. उंदराच्या मुताने लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा आजार होतो, कुत्र्यालाही आणि आपल्यालाही. त्याची लस दरवर्षी असते. पंजे बोटांच्या मधून पुसा. फिनेलने पुसलेल्या ओल्या लादीवर लगेच सोडू नका, पंजे चाटत बसतात.
तुळसताई, लॅबचं नाव काय?

दारची_तुळस
बंड्या.

रात्रपाळी
आमच्या चेअरमनना घरी बंड्या म्हणतात!

दारची_तुळस
आमचे चेअरमन हा धागा वाचत असतील तर, साहेब, लिफ्टमधले केस बंड्याचे नाहीत. बंड्या काळा आहे. ते सोनेरी केस सी विंगमधले.

सी_विंग
ओळखलं तुम्हाला.