मदत हवी आहे: दृष्टिहीन विद्यार्थिनी, ओपनफोम आणि क्लस्टर

नमस्कार मंडळी,

मी सिव्हिलला शिकवतो. यंदा एम.टेक. स्ट्रक्चर्सला आलेली एक विद्यार्थिनी पूर्ण दृष्टिहीन आहे. विषय तिनेच निवडलाय: उंच इमारतींवरचा वाऱ्याचा दाब. ओपनफोम या हवेच्या प्रवाहाचं गणित करणाऱ्या मोफत सॉफ्टवेअरमधून दाबगुणांक (भिंतीवर वाऱ्याचा दाब किती पडतो ते सांगणारे आकडे) काढायचे आणि आयएस ८७५ (भाग ३, २०१५) या वाऱ्याच्या भाराच्या भारतीय मानकातल्या आकड्यांशी ताडून बघायचे. "तिला सोपा विषय द्या" हा सल्ला विभागात भरपूर मिळालाय, इथे नको.

जिथे अडेल असं वाटलं होतं तिथे अडलंच नाही. ओपनफोमची सगळी मांडणी साध्या मजकुराच्या फाइल्सची. कंट्रोलडिक्ट, ब्लॉकमेशडिक्ट अशा फाइल्स ती एनव्हीडीएवर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा मोफत स्क्रीन रीडर) ऐकत भराभर बदलते. एसएसएचने, म्हणजे दुरून मजकुराच्या आज्ञा देत, क्लस्टरवर (कॉलेजच्या जोडलेल्या मोठ्या संगणकांवर) जाणंही जमतं.

पण पासवर्डची मुदत संपली की तो पोर्टलवरूनच बदलावा लागतो, आणि तिथे चित्रातला कॅप्चा (चित्रातली अक्षरं ओळखून टाइप करायची) आहे, आवाजाचा पर्याय नाही. म्हणजे शेजारी कुणीतरी हवंच. संगणक केंद्रात विचारलं तर उत्तर आलं, "आपल्याकडे रॅम्प आहे की!" २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा रॅम्पपाशी संपत नाही, पण कोण सांगणार!

शिवाय सॉल्व्हर (प्रत्यक्ष गणित करणारा प्रोग्रॅम) सुरू झाला की लॉग, म्हणजे त्याच्या प्रगतीच्या ओळी, धो धो वाहतो आणि एनव्हीडीए ओळन् ओळ वाचत सुटतो.

सगळ्यात मोठी अडचण पॅराव्ह्यूची, म्हणजे निकाल चित्रात दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरची. दाबाचे रंगीत नकाशे, स्ट्रीमलाइन्स (वाऱ्याची वाट दाखवणाऱ्या रेषा). मी बाजूला बसून "डाव्या कोपऱ्यात लाल, मागे निळं" असं सांगायचं, तर अर्थ मी लावला, तिने नाही. प्रबंध तिचा आहे.

कुणी हे केलंय का? शक्यतो फुकटातले उपाय सांगा, जॉज या विकतच्या स्क्रीन रीडरचा परवाना परवडणार नाही.

वारकुंड: लॉग पडद्यावर सोडूच नका. काम स्लर्मला (क्लस्टरवर कामांची रांग लावणारा प्रोग्रॅम) एसबॅच या आज्ञेने द्या, संपल्यावर मेल येईल असं स्क्रिप्टमध्येच लिहा, मग ओपनफोमच्याच फोमलॉगने रेसिड्युअल्सचे (गणितात उरलेल्या चुकीचे) आकडे वेगळे काढा. इमारतीच्या प्रत्येक भिंतीला वेगळा पॅच (नाव दिलेला पृष्ठभाग) करा आणि ओपनफोमच्या सरफेसफील्डव्हॅल्यूने त्यावरचा सरासरी दाब काढा. आकडे पोस्टप्रोसेसिंग फोल्डरमध्ये मजकूर म्हणून पडतात. आयएस मानकाशी ताडायला चित्र लागतच नाही.

नकाशेवाली: सरासरीत कोपऱ्यावरचं सक्शन (बाहेर ओढणारा दाब) दिसत नाही हो, आणि खरी गंमत तिथेच असते. जवळ आर्किटेक्चर कॉलेज असेल तर त्यांचा थ्रीडी प्रिंटर मागा. गणितासाठी जाळी बनवणाऱ्या स्नॅपीहेक्समेशला देता तीच इमारतीच्या आकाराची एसटीएल फाइल प्रिंट होते. तिच्यावर समदाब रेषा उंचावून घ्या, फार दाट नको, बोटाला वेगवेगळ्या लागल्या पाहिजेत. आमच्याकडे वाऱ्याचा अभ्यास शिकवताना डोळस मुलांनाही असं मॉडेल हातात दिलं तर बरं होईल, असं मला कधीचं वाटतंय.

धागाकर्ता: दोघांचेही आभार. पॅच वेगळे करायचं तिला आजच सांगतो, प्रिंटरसाठी शेजारच्या कॉलेजात विचारतो. कॅप्चाबद्दल मात्र कुणी बोलेना! एसएसएच की (पासवर्डऐवजी ओळख पटवणारी फाइल) वापरली तर पासवर्डची मुदत आड येणार नाही ना? की खातंच बंद पडतं? क्लस्टर सांभाळणारं कुणी असेल तर कृपया सांगा.