ऑपेरासाठी सेवियाला कोण कोण जाऊन आलंय? अनुभव लिहा

गेल्या फेब्रुवारीत सेवियाला (म्हणजे स्पेनमधलं सेव्हिल) चार दिवस राहून आले, अजून डोक्यातून जात नाहीये, म्हणून हा धागा. कार्मेन, बार्बर ऑफ सेव्हिल, डॉन जिओव्हानी हे सगळे ऑपेरा या एकाच गावात घडतात, आणि फिगारोचं लग्न, बेथोव्हेनचा फिदेलिओ हे इथून जवळच. गंमत म्हणजे बिझे, मोझार्ट, बेथोव्हेन यातल्या कुणीही कधी स्पेन बघितला नव्हता!

मी सुरुवात तंबाखूच्या कारखान्यापासून केली. कार्मेन जिथे काम करते तोच. १८व्या शतकातली अवाढव्य दगडी इमारत आहे, बाजूने किल्ल्यासारखा खंदक, आणि आता आत युनिव्हर्सिटी आहे. १९व्या शतकात इथे हजारो बायका सिगार वळायच्या. आता दारात मुलंमुली नोट्स चाळत बसलेली असतात, समोरून ट्राम जाते. तिथून नदीच्या कडेकडेने बुलरिंगपर्यंत (बैलझुंजीचं मैदान, ऑपेराचा शेवट तिथेच होतो) रमतगमत पंधरावीस मिनिटं, म्हणजे पहिल्या अंकापासून शेवटच्या अंकापर्यंत चालतच जाता येतं. बुलरिंगसमोर रस्त्यापलीकडे कार्मेनचा पुतळा आहे. आत लोकांचा जल्लोष चाललाय आणि बाहेर ती एकटी, तिने सोडून दिलेल्या आणि आता तिला मारणाऱ्या प्रियकरासमोर उभी आहे, हे मी कितीदा ऐकलं होतं, पण ते दार आणि तो रस्ता यातलं अंतर किती कमी आहे ते तिथे उभं राहिल्यावर कळलं. रडू आलं मला.

तुम्ही कधी गेलात, काय ऐकलंत, कुठे फिरलात, सगळं लिहा. मोठं लिहिलंत तरी चालेल.

*

मस्त धागा! आम्ही डॉन जिओव्हानीच्या मागावर होतो. सांताक्रूझ या जुन्या भागातल्या गल्ल्यांमध्ये एका छोट्या चौकात डॉन हुआनचा (जिओव्हानीचं मूळ स्पॅनिश नाव) पुतळा आहे, तो बघाच, पण खरी जागा म्हणजे ओस्पिताल दे ला कारिदाद हे जुनं धर्मादाय रुग्णालय, माएस्त्रान्सा या ऑपेरा थिएटरच्या अगदी मागे. ते नावारूपाला आणणारा मिगेल मान्यारा हाच खरा डॉन हुआन असं गावात सांगतात. ते काही जुळत नाही, कारण डॉन हुआनचं नाटक १६३० साली छापलं गेलं आणि तेव्हा मान्यारा तीन वर्षांचा होता. पण त्याने स्वतःच्या थडग्यावर काय लिहून घेतलंय माहितीये का, जगात होऊन गेलेल्या सगळ्यात वाईट माणसाची हाडं आणि राख इथे आहे, असं. आणि पुरायला सांगितलं ते चर्चच्या उंबऱ्याशी, येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायाखाली. आत वाल्देस लेआलचं चित्र आहे, सांगाडा हाताने मेणबत्ती विझवतोय. मोझार्टचा नायक शेवटपर्यंत पश्चात्ताप करत नाही, आणि इथे एक माणूस उरलेलं आयुष्य पश्चात्तापच करत राहिला. त्या रात्री हॉटेलवर आम्ही शेवटचा प्रवेश परत ऐकला, दोघंही बराच वेळ काही बोललो नाही.

*

जुलै ऑगस्टमध्ये जाऊ नका एवढंच सांगते. पारा चाळिशी सहज ओलांडतो, दुपारी रस्ते ओस, आणि मुख्य म्हणजे ऑपेराचा सीझन तेव्हा बंद असतो. मार्च-एप्रिलमध्ये संत्र्यांना फुलं येतात, अख्खं गाव घमघमतं. माद्रिदहून फास्ट ट्रेनने अडीच तास.

*

थोडा वेगळा सूर लावतो, राग मानू नका. पूल ओलांडून त्रियानाला गेलात का? तिथे पिढ्यान् पिढ्या गितानो (स्पेनमधले रोमा, म्हणजे जिप्सी) लोक राहायचे, फ्लॅमेंको या तिथल्या गाण्यानाचाची मोठमोठी घराणी तिथली. विसाव्या शतकात बहुतेकांना तिथून उठवून शहराबाहेरच्या वस्त्यांमध्ये पाठवलं गेलं. मला कार्मेन अतिशय आवडतो, पण ती पॅरिसने रंगवलेली गितानो बाई आहे. तेव्हा एक संध्याकाळ तरी छोट्या जागेतलं फ्लॅमेंको ऐका, नुसता आवाज, गिटार आणि टाळ्या. मी दोन्ही लागोपाठ ऐकलं आणि नंतर कार्मेनचं गाणं वेगळंच ऐकू यायला लागलं.

*

धागाकर्ती परत. वरच्या प्रतिसादासाठी मनापासून आभार, मी त्रियानाला फक्त जेवायला गेले होते याचं आता वाईट वाटतंय. पुढच्या वेळी नक्की.

*

मी जर्मनीत असतो, आई पुण्याहून आली होती तेव्हा तिला घेऊन गेलो. तिचं सगळं बालपण संगीत नाटकांत गेलेलं. माएस्त्रान्सामध्ये रोसिनीचा बार्बर होता. आदल्या दिवशी मी तिला गोष्ट सांगून ठेवली होती, आणि हेही की रोममध्ये १८१६ साली पहिल्या प्रयोगाला लोकांनी हुर्यो उडवली आणि दुसऱ्याच रात्री डोक्यावर घेतलं. ती म्हणाली, पहिल्या प्रयोगाला असं होतंच रे. पडदा उघडला, फिगारो गात गात आला, आणि ती माझ्या कानात, माइक कुठंय? म्हटलं आई नाहीये माइक, असंच गातात, एवढ्या मोठ्या ऑर्केस्ट्रावरून. ती पुढे सरकून बसली ती मध्यंतरापर्यंत मागे टेकलीच नाही. गाणं संपल्यावर टाळ्या थांबेनात तेव्हा तिने विचारलं, हे वन्समोअर घेत नाहीत का? क्वचितच घेतात म्हटल्यावर तिला फार हळहळ वाटली. इटालियनचा एक शब्द कळत नव्हता तिला, पण तान कुठे अवघड आहे आणि दम कुठे लागतोय ते ती मला बोटाने दाखवत होती.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याला म्हणाली, उद्या परत आहे ना तो खेळ, तिकिटं मिळतात का बघ. सगळ्यात वरची दोन मिळाली.